विलासच्या कॉर्डची अकरा नावं

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी गंगाखेडच्या स्टँडवर पूर्णेच्या गाडीची वाट बघत होतो. त्यालाच भेटायला निघालो होतो. पलीकडून त्याच्या बायकोचा, सुमनवहिनींचा आवाज आला, "भाऊजी, आता घाई करू नका..."

रेल्वेतली नोकरी आणि लग्नसराईत ऑर्केस्ट्रा, हे त्याचं आयुष्य. तो गिटारवर, मी ढोलकवर, तीस वर्षं. सगळं कानानं उचललेलं. गाणं संपताना तो एक कॉर्ड वाजवायचा, चार-पाच सूर एकदम, आणि मांडवात जेवणाऱ्यांचे हात थांबायचे. थोडी अतिशयोक्ती करतोय, पण थोडीच. त्या कॉर्डचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. मी शेजारी बसून त्याच्या बोटांकडे कधी नीट पाहिलंही नाही, याचा आज मला माझाच राग येतो.

आजारपणात हात थरथरायला लागले तसा तो घाबरला. "सुधा, माझ्या मागं हे तुला वाजवता यायला पायजे," मला म्हणाला. मला गिटारवर जेमतेम चार कॉर्ड येतात. म्हणून कॉर्ड ओळखणारं एक ॲप मोबाइलवर घेतलं. तो तारा छेडायचा, ॲप नाव सांगायचं. आधी 'ए मायनर नाइन्थ'. मग तीच बोटं, तीच जागा, तर 'सी मेजर सेव्हन्थ शार्प इलेव्हन्थ'. तिसऱ्यांदा त्याच्या घराजवळच्या पूर्णा जंक्शनवर इंजिनाचा भोंगा वाजला, ॲपनं तोही हिशेबात धरला आणि नाव स्क्रीनवर मावेना. विलास खोकला येईस्तोवर हसला. "इंजनालाबी ऑर्केस्ट्रात घेतलं की रे ह्यानं!" मी प्रत्येक नावाचा स्क्रीनशॉट काढला. अकरा झाले.

शेवटच्या भेटीत त्यानंच उलगडा केला. "तिसरी तार मी जराशी उतरवून ठेवली हाय. दोन सुरांच्या मधी. ते बिचारं ॲप ह्या सुरात धरू का त्या, म्हणून गडबडायलंय." किती उतरवली ते पुढच्या वेळी दाखवतो म्हणाला. दमला होता. मीही म्हटलं, गिटार कुठं पळून चाललीय...

तो गेल्यावर ध्यानात आलं, ॲपनं नावं दिली होती, आवाज ठेवला नव्हता. मीही एकदा रेकॉर्डिंग केलं नाही. लग्नांचे व्हिडिओ शोधले, तर सगळ्यांवर सिनेमातली गाणी चढवलेली.

तेराव्यानंतर त्याच्या घरी गेलो. ती तिसरी तार तशीच असेल, एवढी एकच आशा होती. वहिनींनी गिटार आणून माझ्या मांडीवर ठेवली, पुसून लख्ख केलेली. "तुमाला द्यायची म्हणून नांदेडाहून नव्या तारा घालून आणली, भाऊजी. एक तार लय दिवसाची बेसूर हाय, म्हणला दुकानदार. सगळ्या सुरात लावून दिल्या त्यानं."

"लय चांगलं केलं, वहिनी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

घरी येऊन आठवतील तशी बोटं ठेवली आणि तारा छेडल्या. ॲपनं लगेच नाव सांगितलं. पुन्हा छेडल्या. पुन्हा तेच नाव... दर वेळी तेच.