फरशी कोरडी होती

खुब्याचं ऑपरेशन होऊन घरी आलो, तेव्हापासून भेटायला येणारा प्रत्येकजण बिस्किटाचा पुडा देतो आणि सुनेला नावं ठेवतो. काल मलकापूरहून आलेली माझी मोठी बहीणही म्हणाली, "तिनं फरशी ओली ठेवली, म्हनून पडला तू."

माझं डोकं फिरलं. वॉकर आपटून म्हणालो, "फरशी कोरडी होती. तिनं लपवलेली मोटारसायकलची चाबी मी शोधली. किक मारताना अंगणात पडलो. अंगावरची गाडी तिनंच उचलली. पोरगा रागावंल म्हनून ओल्या फरशीचं मीच सांगतलं."

सून चहा घेऊन दारात उभी होती.

"आता सांगता, बाबा? साऱ्या गावानं मले बोलून झाल्यावर?"

तिनं एक कप बहिणीपुढे ठेवला. माझा आत परत नेला.