न बघता केलेला पॅक

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. देव, भुतं, अंगारे, अंगात येणं… हे सगळं आमच्या घरातून छप्पन साली, आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच बाहेर गेलं. त्यात मी केमिस्ट्रीचा पदवीधर. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केली. या ग्रुपवर पांढऱ्या साडीतल्या बायांचे जे अनुभव येतात, ते मी बायकोला वाचून दाखवतो आणि दोघं हसतो. तेव्हा पुढचं लिहिणं मला शोभत नाही, हे मला कळतंय. पण झालं ते झालं.

गोष्ट नव्वदच्या दशकातली, इंदापूर तालुक्यातल्या आमच्या कारखान्याच्या कॉलनीतली. कारखान्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. गाळप संपलं, मिल थंड झाली, की स्टाफ क्लबात रमीची स्पर्धा लागायची. पैसे लावायला बंदी होती. जिंकणाऱ्याचं नाव भिंतीवरच्या लाकडी बोर्डावर रंगवायचे, एवढंच बक्षीस. पण त्या बोर्डापायी शेजारी शेजारी राहणारी माणसं वर्ष वर्ष बोलत नसत!

खेळ दोनशे एकचा. डाव हरलात की हातातल्या पत्त्यांचे पॉइंट अंगावर चढतात, आणि दोनशे एक झाले की बाहेर. पत्ते भिकार आले तर सुरुवातीलाच पॅक करायचं, म्हणजे डाव सोडून वीस पॉइंटांवर सुटायचं. सगळी अक्कल या पॅक करण्यात आहे. पहिल्या फेऱ्यांत कुणीही खेळतो हो. फायनलला, जेव्हा अंगावर दीडशे चढलेले असतात आणि समोरचाही तसाच टेकीला आलेला असतो, तेव्हा कधी सोडायचं आणि कधी धरायचं हे ज्याला कळतं तो खरा खेळाडू.

ते कळायचं भानुदास तात्यांना. कळसचे, मिलमध्ये फिटर, माझ्यापेक्षा बरेच मोठे. मला रमी त्यांनीच शिकवली. ते म्हणायचे, "सुरवातीला मानूस पत्त्यावर खेळतो, शेवटाला भ्यावर खेळतो. म्हनून सांगतो, तेराच्या तेरा पत्तं बघितल्याबिगर पॅक करू नगंस. बघून सोडलं तर डाव सोडला. न बघता सोडलं तर मानूस मेला."

त्यांची आणखी एक खोड होती. डाव्या हाताचं एक बोट मिलमध्ये गेलेलं, त्यामुळे पत्ते घसरायचे. एकदा चुकून जोकरच खाली टाकून बसले होते. तेव्हापासून आलेला जोकर ते पत्त्यांच्या टोकाला आडवा धरायचे. त्यावरून समोरच्याला कळायचं की तात्यांकडे जोकर आहे. आम्ही चिडवायचो, पण ते काही बदलले नाहीत.

त्या वर्षी तात्या पहिल्यांदाच फायनलला पोचले. आणि त्याच आठवड्यात अंगणात कोसळले. मेंदूत रक्तस्राव. बारामतीला दवाखान्यात नेलं, मी सोबत होतो. शुद्ध नव्हती, पण उजव्या हाताची बोटं चादरीवर सारखी हलत होती… पत्ते लावताना हलतात तशी. तात्यांची बायको, आमच्या वहिनी, ते बघत बसायच्या. सिस्टर म्हणाल्या, ते आपोआप होतं, त्याला अर्थ नसतो. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की आशा ठेवण्यासारखं काही दिसत नाही, ठेवायचं तर ठेवा, घरी न्यायचं तर न्या. वहिनींनी थोडा वेळ विचार केला आणि घरी नेतो म्हणाल्या. कळसला नेलं, आणि दुसऱ्याच दिवशी तात्या गेले.

आता आमच्या क्लबाचा शहाणपणा ऐका. पूर्वी एका फायनलला बदली खेळाडूवरून हाणामारी झाली होती. तेव्हापासून नियम असा, की फायनलचा खेळाडू आला नाही तर त्याची खुर्ची तशीच ठेवायची, त्याला पत्ते वाटायचे, आणि दर डावाला न उघडता पॅक धरून वीस पॉइंट चढवायचे. टाइम ऑफिसचे जगदाळे क्लबाचे सेक्रेटरी होते. मी त्यांना म्हटलं, माणूस वारलाय, गैरहजर नाही. ते म्हणाले, नियमात तसा फरक केलेला नाही. कारखान्यात असली माणसं जागोजागी असतात.

फायनल रविवारी दुपारी होती, चांगलं लख्ख ऊन होतं. मी पंच होतो. खेळणारे चार जण, पाचवी तात्यांची रिकामी खुर्ची, आणि तिच्या शेजारी मी. खुर्चीपुढे पडलेले पत्ते प्रत्येक डावाला तसेच उलटे उचलून मी बाकीच्या गठ्ठ्यात सारत होतो. वहिनी भिंतीशी बाकावर बसल्या होत्या. बाईमाणूस क्लबात येत नसे, पण त्यांना नको म्हणायची कुणाची छाती नव्हती. मला म्हणाल्या होत्या, नाव काय लागायचं न्हाय, पर त्यांचा डाव कुठवर जातोय ते बघते.

आणि खुर्ची टिकली! ती निमूटपणे वीस-वीस घेत राहिली आणि जिवंत माणसं फुटत गेली. रिकाम्या खुर्चीच्या मागं राहायची लाज वाटून तिघांनी पॅक करायचे डाव धरून ठेवले आणि एकेक करून बाहेर पडले. राहिला वजनकाट्यावरचा जगताप, आणि खुर्ची. खुर्चीचे दोनशे झाले होते. आणखी एक पॅक, की जगतापचं नाव बोर्डावर. त्याला फक्त बसून राहायचं होतं.

शेवटचे पत्ते जगदाळेंनी वाटले. मी ते सारायला हात पुढे केला तर खुर्चीपुढचा गठ्ठा नीट जुळलेला, आणि वरचा एक पत्ता आडवा. वाटताना तसा पडला असेल, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

तेवढ्यात वहिनी बाकावरून म्हणाल्या, "भाऊजी, येवढा एक डाव उघडून बघा की. त्यांनी न बघता कधी सोडला न्हाय."

जगदाळेंनी होकाराची मान हलवली. मी वरचा पत्ता उलटला. जोकर. बाकीचे पसरले. बदाम पंजी, छक्की, सत्ती, अठ्ठी. मग चौकटची नव्वी, दश्शी, गुलाम. मग तीन राण्या. आणि शेवटी, जोकर धरून पुरी होणारी किलवरची दुर्री, तिर्री. तेराच्या तेरा लागलेले, आणि नुसते आलेले नाहीत तर ओळीनं लावलेले, तात्या लावायचे तसे. वाटल्यापासून त्या पत्त्यांना कुणाचा हात लागला नव्हता. मी तिथंच बसलो होतो, माझ्या डोळ्यांदेखत पत्ते पडले होते.

जगतापनं स्वतःचे पत्ते उचललेच नाहीत. तो उठला, चपला घातल्या आणि गेला. पुढे जगदाळेंनी कितीदा सांगूनही त्यानं बोर्डावर नाव लावू दिलं नाही. त्या वर्षाची ओळ आजही कोरी आहे.

वहिनी टेबलापाशी आल्या. पत्त्यांवरून डोळे फिरवले. जोकरवर हात ठेवला आणि मला विचारलं, "आन् आदीच्या धा डावांत काय आलं हुतं?"

दहाही डाव मीच गठ्ठ्यात सारले होते, उलटेच.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आवाज अगदी साधा होता. "दवाखान्यात त्यांची बोटं हालत हुती, भाऊजी. त्ये पत्तं लावत हुतं. आन् म्या न बघताच पॅक केला का वो?"

नंतर मी सगळा हिशेब करून बघितला. इतके पत्ते नुसत्या पिसण्यानं असे ओळीनं लागायची शक्यता काढायला बसलो आणि कागद टाकून दिला. जगदाळेंनी चलाखी केली म्हणावी, तर त्या माणसाला पत्ते नीट पिसताही येत नसत. मला भास झाला म्हणावं, तर पाच-सहा जणांनी बघितलं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर लिहा, मी वाट बघेन.

वहिनी आता नाहीत. त्या दुपारी मी त्यांना लगेच, ठामपणे "नाही वहिनी" म्हणालो. डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा सांगितलं, मेंदूचं समजावून सांगितलं, आपोआप हलतात बोटं, हेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग ते तेरा पत्ते त्यांनी स्वतः गोळा केले, नीट जुळवले, आणि जोकर वर आडवा ठेवून माझ्या हातात दिले. त्यांना दिलेल्या त्या उत्तरावर माझा स्वतःचाच आजपर्यंत विश्वास बसलेला नाही.