पांढरीवरची घोडी

जगातली बहुतेक जंगली घोडी मुळात जंगली नाहीतच. अमेरिकेतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या मोकाट कळपांचे पूर्वज माणसाच्या हातून सुटलेले, नाहीतर माणसानंच सोडलेले. मंगोलियाकडचा तेवढा अस्सल रानटी, आणि तो माझ्या लहानपणीच्या वर्षांत रानातून संपून प्राणिसंग्रहालयात उरला होता. हे मी मोठेपणी वाचलं. वाचून नवल वाटलं नाही. घोडं जंगली कसं होतं हे मी लहानपणी टेंभुर्णीजवळच पाहिलं होतं.

आबा, म्हणजे माझे वडील, टेंभुर्णीहून कुर्डुवाडी स्टेशनापर्यंत टांगा चालवायचे. बहात्तरच्या दुष्काळात कडब्याची काडी मिळेना. छावणीत गाईबैल घेत, घोड्याला कोण विचारतो? घोडी विकायचं नाव काढलं की आबा जेवणावरून उठायचे. शेवटी त्यांनी तिचे नाल काढले आणि भीमेकाठी थोडी हिरवळ तग धरून होती तिथं तिला सोडून दिलं. आणखी काही टांगेवाल्यांची घोडी तिथं आधीच फिरत होती. पाऊस पडला की आणू, असं ठरलं होतं. पाऊस पडला, पण तोवर रस्त्यावर टेम्पो धावायला लागले होते आणि आबा बाजारात हमाली करत होते. घोडी राहिली ती राहिलीच.

पण दसऱ्याला आबांना चैन पडायचं नाही. दसऱ्याला टांगेवाला घोड्याची पूजा करतो. मग घोडी रानात असली म्हणून काय झालं? हळदकुंकू आणि हरभऱ्यांचा तोबरा घेऊन ते नदीकाठच्या एका गावाच्या पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या उंचवट्यावर, जायचे. मलाही न्यायचे. कळप लांब थांबायचा. ती मात्र तोबऱ्यातले हरभरे वाजले की सरळ यायची, कपाळाला कुंकू लावून घ्यायची, हरभरे खायची आणि परत जायची. आई म्हणायची, "लेकीला माहेरी आणताना बी कुणी एवढं करत न्हाय." मी शाळेत हे सांगून सांगून पोरींना वात आणला होता.

मग भीमेवर धरण झालं आणि पाणी मागं फुगायला लागलं. ते गाव उठलं. लोकांनी दारं, चौकटी, वासे, पत्रे सगळं काढून नेलं, नुसत्या भिंती राहिल्या. त्या भाद्रपदात ओळखीचा नावाडी घरी आला. म्हणाला, "घोडी पांढरीवर अडकल्यात. तिन्ही अंगानं पाणी आलंय. माळाकडची बाजू तेवढी अजून उथळ हाय, पर जाईनात."

"का?" आबांनी विचारलं.

"तुमची हालंना, म्हणून बाकीची बी हालंनात. तुमचीच वाट बघती जणू."

आबांनी दावं घेतलं, मी तोबरा घेतला. घोडी घरी येणार म्हणून मी नावेत गप्प बसत नव्हते. पांढरीवर उतरले आणि माझी वाचाच बसली. भिंतींआडून टापा वाजत होत्या आणि घोडं एकही दिसत नव्हतं. एका घराच्या भिंतीवर चुलीची काजळी तशीच होती, आणि त्या घरातून एक शिंगरू बाहेर आलं. उठून गेलेल्या गावातली माणसंच घोडी होऊन परत राहायला आलीत, असं मला वाटलं. मी आबांचं धोतर धरलं.

तोबरा वाजला तशी ती आली. आबांनी गळ्यात दावं घातलं, तिनं घालू दिलं. मागं ते शिंगरू खिंकाळलं. तिचंच होतं. ती जागीच थांबली.

आबांनी नावेकडच्या खोल पाण्याकडं पाहिलं. "हिला नेली तर ते मरंल," ते म्हणाले. "आन बाकीची बी हितंच बुडतील." त्यांनी दावं काढलं. मग खाली वाकून दगड उचलला.

पहिला दगड तिच्या खांद्यावर बसला. ती हलली नाही, नुसती बघत राहिली. आबांच्या हातातला चाबूक तिच्या पाठीवर पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मी त्यांच्या हाताला लोंबकळले, त्यांनी मला झटकलं. "जा, जा की गं बाई," असं म्हणत ते मारत होते. एक दगड कपाळावर लागला, जिथं कुंकू लावायचे तिथं. तेव्हा ती वळली. तिच्यामागं सगळा कळप माळाकडच्या पाण्यात उतरला. शिंगराचं डोकं तेवढं वर दिसत होतं. मग जोराची सर आली आणि काहीच दिसेना.

परतताना आबा म्हणाले, "रानात सोडली, पर माणसाची सवय मीच मोडू दिली न्हाय." पुढं कितीतरी दिवस मला भर वर्गात टापा ऐकू यायच्या, आणि पाढे म्हणताना मी मध्येच गप्प व्हायची. त्या दसऱ्याला आबा कुठंच गेले नाहीत.

एकदोन वर्षांनी तोच नावाडी चहाला टेकला. करमाळ्याकडच्या माळावर मोकाट घोडी दिसतात, म्हणाला.

"माणूस बघून काय करत्यात?" आबांनी विचारलं.

"पळत्यात की, लांबनंच. एक म्हातारी घोडी हाय, ती तर सगळ्यांच्या आदी पळती."

"बरं झालं," आबा म्हणाले, आणि हातातली बशी खाली ठेवून आमच्या सगळ्यांदेखत रडायला लागले.