नाही म्हणायला शिकलेले मामा

अख्ख्या परभणी जिल्ह्यात पाथरीच्या जीपवाल्या मामांइतका भिडस्त माणूस नाही, हे मी कुणाशीही पैजेवर सांगेन. दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेल्यांना कोर्ट आमच्या वर्गाला पाठवतं. दर शनिवारी तेच तक्ते, तेच ओशाळे चेहरे. शिकवून शिकवून माझाच जीव विटला आहे. अशात मामा आले. लायसन्स निलंबित, जीप दारात उभी, तरी चावी हातात. दारूची त्यांना आवड अशी नव्हतीच; कुणी ‘घ्या’ म्हटलं की घेत. दहाच्या जीपमध्ये सतरा माणसं बसवत, तीही हावेपोटी नव्हे, हात करणाऱ्याला टाकून जाववत नसे म्हणून. वर्गाला एसटीने येताना एकदा फेरीवाल्याकडून दोन कंगवे घेऊन आले. डोक्यावर केस म्हणाल तर कानांमागे चार.

वर्गात नकार द्यायचा सराव असतो. मी आग्रह करणारा मित्र होऊन रिकामा ग्लास पुढे करायचो. “घ्या मामा, एकच.”

“न्हाई,” मामा म्हणायचे आणि माझा चेहरा पाहून लगेच विरघळायचे, “बरं, अर्धाच द्या.” वर्ग हसून लोळायचा. खोटी सबब सांगू नका, नजर खाली घालू नका, असं मी घसा कोरडा होईपर्यंत सांगत राहिलो. शेवटच्या शनिवारी ते ताठ बसून म्हणाले, “मला गाडी चालवायची हाय. न्हाई घेत.” मी टाळ्या वाजवल्या. किती दिवसांनी वाजवल्या असतील!

लायसन्स परत मिळालं. परवा मामा भेटायला आले, खुर्चीच्या टोकावर बसले. लेकीच्या सासरी कंदुरी होती. बोकड कापून गावजेवण. व्याह्यांनी चार पाहुण्यांत ग्लास पुढे केला. मामांनी शिकवल्याबरहुकूम, नजरेला नजर देऊन, सबब न सांगता नाही म्हटलं. “माझ्याच दारात माझा अपमान!” म्हणत व्याही ताटावरून उठले. तेव्हापासून त्यांनी लेकीला माहेरी पाठवलेलं नाही.

“गुडघ्याची गोळी चालू हाय म्हणलो असतो, तर भागलं असतं, सर. पर तुमी म्हणले होते, सबब सांगायची न्हाई.” आवाजात तक्रार नव्हती, म्हणून मला जास्तच लागलं. मग हळूच विचारलं त्यांनी, “न्हाई म्हणल्यावर पुढं काय करायचं, त्याचा धडा कवा हाय?”

मला लाज वाटली. तसा तक्ता माझ्याकडे नाही. येत्या शनिवारी वर्ग बंद ठेवून मी मामांसोबत त्यांच्या व्याह्यांकडे निघालो आहे. तिथे काय बोलायचं, ते अजून सुचलेलं नाही.