भाऊंचा कीबोर्ड

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से जमवावे लागत नाहीत, आपोआप साठतात. मोडके माऊस साठतात तसेच. फेकायचे म्हणून बाजूला काढायचे आणि पुन्हा खोक्यात टाकायचे! पेणला एसटी स्टँडपासून पाच मिनिटांवर माझं दुकान आहे, आणि गेली अठरा वर्षं माझं हेच चाललंय. माझा पार्टनर नितीन जिते गावाहून येतो. रोहा-नागोठण्याकडची गिऱ्हाइकं तो बघतो, पेणची मी.

गेल्या वर्षी यातले बरेचसे किस्से मी भाऊंना सांगितले. सांगावेच लागले. त्यांच्या गणपतीच्या कारखान्यात वायरलेस कीबोर्ड जोडायला म्हणून मी जायचो, आणि कीबोर्ड काही जोडला जायचा नाही. मग नुसतं मान खाली घालून चहा किती वेळा पिणार?

भाऊ म्हणजे डोळ्यांच्या आखणीतला माणूस. साच्यातून मूर्ती कोणीही काढील, रंगही देईल, पण डोळे आखले की मूर्ती बघायला लागते. ते काम चाळीस वर्षं भाऊंनी केलं. दिवाळीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. डोकं मात्र शाबूत. डाव्या हाताने लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागेना. मोबाईलवर एका वेळी तीन अक्षरं दाबली जायची. म्हणून मुलाने, महेशने, मोठ्या बटणांचा कीबोर्ड आणला. भाऊ एका बोटाने टाइप करायचे आणि अक्षरं भिंतीवरच्या टीव्हीवर उमटायची. आधी वायरवाला होता. त्या वायरीत एका कारागिराचा पाय अडकला आणि ओली मूर्ती खाली आली. त्याच दिवशी भाऊंनी वायर काढायला लावली. आणि आता हा बिनवायरीचा अचानक बंद पडला होता.

महेशचा फोन आला तेव्हा त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "दादा, आखणीला सुनीताला बसवलाय. पन भाऊंनी सांगितल्याबिगर तिला कळणार कसा? आणि भाऊंनी पास केल्याबिगर आमच्याकडनं एक मूर्ती भायेर गेलेली नाय."

सुनीता म्हणजे महेशची बायको. मी गेलो तेव्हा ती एका मूर्तीचा डोळा फडक्याने पुसत होती. तिसऱ्यांदा पुसत होती, असं महेश मला हळूच म्हणाला.

* * *

पहिल्या दिवशी मी जुनी नोंद काढून कीबोर्ड नव्याने जोडायला घेतला. स्क्रीनवर 'कनेक्टिंग' येई, गोल फिरत राही आणि शेवटी नकार. भाऊ खुर्चीतून माझ्याकडे बघत होते. ती नजर सहन होईना, म्हणून मी पापडवाल्या वहिनींचा किस्सा काढला.

या वहिनी आमच्या पेणच्याच. पोहे-पापडाच्या ऑर्डरी कॉम्प्युटरवर घेतात. नवा वायरलेस कीबोर्ड घेऊन गेल्या आणि तासाभरात फोन. मी सांगितलं, स्क्रीनवर सहा आकडे येतील, ते कीबोर्डवर टाइप करा आणि एंटर मारा. त्यांनी मारला. काही होईना. पुन्हा नवे सहा आकडे, पुन्हा एंटर. असं सात वेळा झालं. शेवटी गेलो. बघतो तर वहिनी आकडे जुन्या कीबोर्डवर टाइप करत होत्या.

मी म्हटलं, वहिनी, आकडे नव्यावर मारायचे.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू चूक माझीच आहे. "अरे, तो अजून चालू झाला नाय ना? जो चालूच नाय त्याच्यावर टाइप कसा करू?"

अठरा वर्षांत मला इतका बिनतोड प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी नव्यावर आकडे मारले, कीबोर्ड जोडला आणि पोह्याचं एक पाकीट घेऊन परत आलो.

भाऊ हसले. चेहऱ्याची एकच बाजू हसते त्यांची, पण तेवढी पुरते. मागे सुनीताने चौथ्यांदा डोळा पुसला होता.

* * *

दुसऱ्या खेपेला मी ब्लूटूथचा नवा रिसीव्हर नेला. कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला लावला. तोच नकार. सुनीता त्या दिवशी स्टूल ओढून भाऊंच्या समोर, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली होती. मला जायला-यायला अडचण होत होती, आणि खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात चिडलोही. काम माझं होत नव्हतं आणि राग तिच्या स्टुलावर!

त्या दिवशी रोह्याचा किस्सा सांगितला. रोह्याला कचेरीबाहेर दोन अर्ज लिहिणारे बसतात. मोरेकाका आणि पाटीलकाका. टेबलाला टेबल लागून आहे, पण बारा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. कारण विचारलं तर दोघेही म्हणतात, त्यालाच विचारा.

दोघांनी एकाच आठवड्यात आमच्याकडून वायरलेस कीबोर्ड घेतला. एकाने घेतला म्हणून दुसऱ्याने घेतला, हे सांगायला नको. नितीनने दोन्ही कीबोर्ड एकाच टेबलावर तपासले आणि खोक्यात भरताना दोघांचे रिसीव्हर उलटसुलट टाकले. झालं! मोरेकाका इकडे वारसाचा अर्ज टाइप करतायत आणि तो उमटतोय पाटीलकाकांच्या स्क्रीनवर. पाटीलकाकांचं नावबदलाचं प्रतिज्ञापत्र मोरेकाकांच्या. दुसरं कोणी असतं तर मान वळवून विचारलं असतं, बाबा रे, हे काय चाललंय? पण हे बोलत नाहीत ना. दोघांनी स्वतंत्रपणे नितीनला फोन केला. दोघांचीही तक्रार एकच, मशीन आपल्या मनाने लिहितंय.

नितीन दुपारच्या गाडीने रोह्याला पोचला. तोपर्यंत दोघांनी अर्धा दिवस एकमेकांचं लिखाण शांतपणे वाचून काढलं होतं. रिसीव्हर एकमेकांना द्या म्हटलं तर हातही पुढे करीनात. शेवटी नितीनने एकाचा काढून दुसऱ्याला लावला आणि तसंच उलट.

निघताना मोरेकाका त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला सांगू नको. पन माणूस अर्ज बाकी सुरेख लिहितो, काय?"

नितीन म्हणतो, पाटीलकाकांनीही त्याला चहा पाजताना हेच सांगितलं. दोघे अजून बोलत नाहीत.

हा किस्सा मी सांगत असताना भाऊंनी मध्येच डावा हात वर केला. मला वाटलं, थांब म्हणतायत. तर ते सुनीताला थांबवत होते. तिचा ब्रश डोळ्याच्या कोपऱ्यावर होता. तिने त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी एक भुवई किंचित खाली घेतली, तिने ब्रश उचलला. मी पाटीलकाकांचं पुढे सुरू केलं.

* * *

मधल्या दिवसांत महेशचे रोज फोन. मुंबईकडचा टेम्पो ठरला होता आणि भाऊंच्या पसंतीशिवाय माल भरायला तो तयार नव्हता. मी ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं, कीबोर्ड दुकानात नेऊन बघितला. दुकानात तो पहिल्या झटक्यात जोडला गेला. कारखान्यात आणला की नाही. मला झोपेतही स्क्रीनवरचे ते गोल फिरताना दिसायला लागले.

तिसऱ्या खेपेला शाळेचा किस्सा. नागोठण्याच्या बाजूची एक शाळा. तिथले क्लार्क अत्यंत शिस्तीचे. शाळेत कुठलीही वस्तू आली की आधी डेडस्टॉक रजिस्टरला तिची नोंद, मग तिच्यावर ऑइलपेंटने नंबर, मग वापर. खुर्ची असो, घंटा असो, नाहीतर कीबोर्ड. नितीन गेला तेव्हा कीबोर्ड उताणा करून त्याच्या पोटावर पांढऱ्या रंगात ठसठशीत नंबर घातलेला होता. रंग वाळून दगड झाला होता, आणि जोडणीचं बारकं बटण नेमकं त्याच्याखाली गडप.

नितीन म्हणाला, रंग खरवडतो. क्लार्क म्हणाले, नंबर गेला तर वस्तू गेली. उद्या तपासणीला कोणी आलं तर काय दाखवू? नितीनने समजावलं, मुख्याध्यापक आले, तेही क्लार्कना भिऊन परत गेले.

मग नितीनला दिसलं की बटण शून्याच्या बरोबर पोटात आहे. रंगाचा ब्रश जाड असल्यामुळे शून्य आतून बुजलेलं होतं, एवढंच. त्याने टाचणीने फक्त मधला रंग काढला. बटण मोकळं, नंबर जसाच्या तसा. क्लार्कनी चष्मा लावून तपासलं आणि म्हणाले, "आता शून्य शून्यासारखा दिसतो. आधी आमच्या पेंटरनीच घाई केली व्हती."

भाऊंचे खांदे हलायला लागले हसून. सुनीताही हसली, पण ब्रश हातात असताना नाही. आधी तिने रेघ पुरी केली, भाऊंकडे बघितलं, भाऊंनी डोळे मिटून उघडले, मग ती हसली. तिच्या बाजूला फळीवर सहा-सात मूर्ती बघत उभ्या होत्या. फडकं कोरडं पडलेलं होतं. हे मला दिसलं, पण माझं लक्ष कीबोर्डच्या लुकलुकणाऱ्या दिव्याकडे होतं.

* * *

दुसऱ्याचे किस्से सांगतो तर स्वतःचाही सांगायला हवा. भाऊंचा कीबोर्ड दुकानात चालतो, मग घरी बघू म्हणून मी तो घरी घेऊन आलो. घरच्या लॅपटॉपला काही केल्या लागेना. दिवा मात्र स्थिर, म्हणजे जोडलाय! मी तासभर टाइप करत राहिलो. हॅलो, हॅलो, एक दोन तीन, चालू हो बाबा, चालू हो. स्क्रीन कोरी.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेतून आली ती धुमसत. आदल्या रात्री तिचा टॅब आतल्या खोलीत चालू होता, ऑनलाइन निबंधाचं पान उघडं होतं, आणि टॅबने 'कीबोर्ड जोडू?' विचारल्यावर तिने सवयीने 'हो' दाबलं होतं. माझं सगळं तिच्या 'माझा आवडता छंद'मध्ये गेलं होतं, आणि तिने न बघता पाठवून दिलं होतं. बाईंनी खाली शेरा मारला होता, "भावना पोचल्या. विस्तार हवा."

बायको म्हणाली, घरात एवढा एक शेरा तुम्हालाच मिळालाय, फ्रेम करून लावा.

* * *

शेवटी कारण सापडलं ते इतकं साधं, की सांगायची लाज वाटते. कारखान्यात कॉम्प्युटर ठेवला होता लोखंडी मांडणीच्या मागे. सीझन जवळ आला तशी मांडणी मूर्तींनी भरत गेली आणि रिसीव्हर लोखंडाच्या पार आड गेला. मी एक लांब एक्स्टेन्शन वायर आणली, रिसीव्हर मांडणीच्या पुढे आणून टीव्हीच्या खाली चिकटवला. कनेक्टिंग. कनेक्टेड.

मला इतका आनंद झाला की मी ओरडलोच. महेश धावत आला, कारागीर हातातलं टाकून आले. टीव्ही लावला. तो सुनीताच्या पाठीमागच्या भिंतीवर आहे, तीही ब्रश ठेवून स्टुलावर उलटी फिरली. पंधरा दिवस गप्प असलेला माणूस बोलणार होता. सगळा कारखाना टीव्हीकडे तोंड करून उभा राहिला. मीही.

महेश न वळताच म्हणाला, "भाऊ, बोला. सुनीताची आखणी कशी हाय? टेम्पो भरू ना?"

भाऊ एका बोटाने टाइप करतात. एक अक्षर यायला वेळ लागतो. ब आला. मग बं. मग बंद. मग बंद कर.

महेशने पंखा बंद केला.

टीव्हीवर पुन्हा अक्षरं यायला लागली. टेम्पो भर. कोणीतरी टाळी वाजवली. सुनीताने पदर डोळ्यांना लावला, पण नजर टीव्हीवरून काढली नाही. अजून काही येतंय का, बघत राहिली. आलं. पुन्हा तेच, बंद कर.

महेश रिमोट शोधायला लागला. मी वळून भाऊंना विचारायला गेलो, नक्की काय बंद करू? ते माझ्याकडे बघत नव्हते. टीव्हीकडेही नाही. समोर स्टुलावर सुनीताची पाठ होती, तिच्याकडे बघत होते. डावं बोट कीबोर्डवर आपटत होतं, बटणांवर नाही, कडेला.

मी कीबोर्ड उचलला, उताणा केला आणि स्विच सरकवला.

पुढचं अक्षर येईना, तशी सुनीता मागे वळली. भाऊंनी तिच्याकडे बघत डोळे मिटून उघडले.