रेक्टरबाई आणि चार सख्ख्या बहिणी

रेक्टरबाईंना नावानं हाक मारणारं माणूस आता एकच उरलं होतं, त्यांची धाकटी बहीण. आणि तीसुद्धा रागावली की "हो गं रेक्टर!" म्हणायची. बाईंची सगळी नोकरी मुलींच्या हॉस्टेलात गेली. निवृत्त होऊन त्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघराच्या घरात राहायला आल्या, पण आवाज मात्र हॉस्टेलातच राहिला. दूधवाल्यानं बेल वाजवली की आतून यायचं, "कोण? काय काम? कुणाला भेटायचंय?" तो बिचारा रोज सांगायचा, "दूध, बाई." मग दार उघडायचं.

हॉस्टेलात त्यांचा एक नियम दगडावरची रेघ होता. खोली बदलून मिळणार नाही. पहिल्या दिवशी जिच्याबरोबर खाट लागली, तिच्याबरोबरच शेवटच्या परीक्षेपर्यंत राहायचं. मुली रडत यायच्या. एक म्हणायची, "बाई, ती रात्रभर दिवा लावते." दुसरी म्हणायची, "बाई, ती माझा साबण वापरते." बाई चष्म्यावरून बघायच्या आणि नाकातून सूर काढायच्या, "लग्न झाल्यावर सासूसुद्धा बदलून मागणार का?" प्रकरण फारच चिघळलं तर ताट यायचं. भांडलेल्या दोघींना भोजनगृहात समोरासमोर बसवायचं, मध्ये एकच ताट ठेवायचं आणि ते रिकामं होईपर्यंत कुणी उठायचं नाही. बाई शेजारी खुर्ची टाकून बसायच्या. ताट संपलं की भांडण संपलं, असा त्यांचा हिशेब. दोन घास पोटात गेले की माणूस निवळतं, हे त्या कुणालाही छातीठोक सांगायच्या. "माझ्या हॉस्टेलात एकही जोडी फुटली नाही," हे वाक्य त्यांच्या निरोपसमारंभात तीन वेगवेगळ्या लोकांनी म्हटलं आणि तिन्ही वेळा बाईंनीच सगळ्यांत जोरात मान हलवली.

अशा या बाईंच्या घरी एके दुपारी भाची एक पिंजरा घेऊन आली. तारेचा, दोन मजली, आत एक फिरतं चाक, एक पाण्याची बाटली, लाकडाच्या भुशाचा ढीग आणि त्या ढिगात चार सोनेरी लोकरीचे गोळे.

"मावशी, प्लीज. ट्रेनिंगला चाललेय. परत आले की लगेच नेते."

"उंदीर आहेत का हे?"

"उंदीर काय गं! सीरियन हॅमस्टर आहेत. चौघी सख्ख्या बहिणी. दुकानवाल्यानंच सांगितलं." भाचीनं दुकानवाल्याचा आवाज काढला, तोंडात काहीतरी चघळत असल्यासारखा, "ताई, घ्या बिन्धास. एका आईच्या आहेत, एकत्र वाढल्यात, एकमेकींना सोडून राहणार नाहीत. वेगळ्या केल्या तर झुरून मरतील, सांगून ठेवतो!"

बाईंना दुकानवाला न बघताच पटला. चौघी एकमेकींच्या अंगावर पाय टाकून झोपल्या होत्या. कुणाचं डोकं कुठलं, कळत नव्हतं. एकीनं डोळे न उघडता जांभई दिली. बाई पिंजऱ्याला वळसा घालून आल्या आणि म्हणाल्या, "ठेव. शिस्त लागेल."

शिस्त लागली. निदान बाईंना तसं वाटलं. त्यांनी चौघींची नावं ठेवली. जी आधी दाण्यांवर यायची ती थोरली, जी गाल भरभरून नेऊन कोपऱ्यात लपवायची ती ढमी, जी सगळ्यांचं बघून मग हलायची ती शहाणी आणि उरलेली, अंगानं कमी, ती बारकी. संध्याकाळी चौघी जाग्या व्हायच्या, चाकावर एकीवर एक चढायच्या, धपाधप पडायच्या. बाई खुर्ची टाकून बघत बसायच्या. धाकट्या बहिणीला फोनवर म्हणायच्या, "तुझ्या पोरीला सांग, यांच्यात अजून एक तक्रार आलेली नाही."

"तक्रार करायला त्यांना बोलता येतं का?" बहीण म्हणायची.

"बोलता न येणाऱ्यांचीच तक्रार आधी कळते मला. इतकी वर्षं काय केलं?"

पण पोरी वाढायला लागल्या. लोकरीचे गोळे जाऊन त्या जागी मुठीत मावणार नाहीत अशा भरदार, मानेला वळी पडलेल्या बायका दिसायला लागल्या. एका घासाला दोघी धावल्या की आधी नुसती ढकलाढकली व्हायची, आता चीं असा बारीक, काच कापल्यासारखा आवाज यायला लागला. थोरली चाकात जाऊन बसायची, फिरवायची नाही, नुसती बसायची. ढमी आपल्या कोपऱ्याकडे कुणी आलं की मागच्या पायांवर उभी राहायची. शहाणी भुशाच्या तळाशी गेली ती वर येईना. आणि बारकी वरच्या मजल्यावर जाळीला चिकटून राहायला लागली. खाली दाणे टाकले तरी उतरायची नाही. झोपायच्याही आता चार कोपऱ्यांत चौघी.

बाईंनी भाचीला फोन केला. तिकडे मागे कुणीतरी माइकवर बोलत होतं. "खेळत असतील गं मावशी!" भाची कुजबुजली. "बहिणी-बहिणींचं चालतंच. तू आणि आई नाही का?"

"आम्ही चावत नव्हतो."

"आई वेगळं सांगते," म्हणून भाचीनं फोन ठेवला.

एका सकाळी बारकीच्या पाठीवर नखाएवढी जागा केसांविना दिसली. बाईंनी चष्मा चढवला, उतरवला, पुसला आणि परत चढवला. बाकीच्या तिघींकडे बघितलं. थोरली चाकात बसून मिशा साफ करत होती, कसलीही भानगड ठाऊक नसलेल्या गोगलगायीसारखी. असले चेहरे बाईंनी रग्गड पाहिले होते.

"कळलं," बाई म्हणाल्या.

त्यांनी धुण्याचा मोठा टब कोरडा करून जमिनीवर ठेवला. त्यात स्टीलची ताटली ठेवली. ताटलीत सूर्यफुलाच्या बिया, सोललेले दाणे, काकडीचा तुकडा, म्हणजे मेजवानीच. एका बाजूला थोरलीला सोडलं, दुसऱ्या बाजूला बारकीला, आणि खुर्ची ओढून बसल्या.

"संपल्याशिवाय उठायचं नाही," बाई म्हणाल्या.

बारकी टबाच्या भिंतीला घसरत घसरत फिरली. तिला वर चढता येईना. पिंजऱ्यात निदान जाळी होती, धरून लटकता यायचं. थोरलीनं ताटलीकडे बघितलंही नाही. ती सरळ ताटली ओलांडून गेली. पुढचं बाईंना नीट दिसलंच नाही, नुसता एक गोळा टबात गरगरला, ताटली उलटी झाली, बिया उडाल्या आणि तो काच कापल्यासारखा आवाज थांबेचना. बाईंनी दोघींच्या मध्ये हात घातला. थोरलीनं अंगठ्यात दात रुतवले. हात झटकला नाही, एवढं मात्र बाईंनी केलं. थोरलीला तसंच लोंबकळत पिंजऱ्यात नेऊन टाकलं आणि मागे वळल्या.

बारकी टबाच्या कडेला एका अंगावर पडली होती. एक कान अर्धा फाटलेला, मागच्या मांडीपाशी केस ओले आणि लाल. पोट भराभर हलत होतं.

जनावरांचा दवाखाना दोन गल्ल्यांपलीकडे होता. बाई अंगठ्याला रुमाल गुंडाळून, बारकीला बुटांच्या खोक्यात घालून तिथे पोचल्या. बाकावर एक कुत्रा, एक मांजर आणि त्यांचे मालक होते. बाईंनी खोकं वर धरून एवढंच म्हटलं, "मला आधी," आणि सगळ्यांनी, कुत्र्यासकट, वाट दिली.

डॉक्टरीण तिशीतली होती. तिनं खोकं उघडलं, बारकीला तळहातावर घेतलं, मग वर बघितलं आणि तिच्या हातातला कापूस तसाच राहिला.

"रेक्टरबाई?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुठली बॅच?"

"खोली बारा. खिडकीजवळची खाट."

"बारा..." बाईंना खोली लगेच आठवली, मुलगी आठवली नाही. "तुम्ही दोघी ना? साबणाच्या?"

"दिव्याच्या. साबणाच्या चौदातल्या." ती जखम पुसायला लागली. "हे कशानं झालं?"

बाईंनी सांगितलं. पिंजरा, चौघी बहिणी, दुकानवाला. टबापर्यंत आल्या तेव्हा आवाज जरा बसला, पण ताटलीसकट सगळं सांगितलं. डॉक्टरणीनं मान खाली घातली. खांदे हलत होते. बाईंना वाटलं रडते की काय, पण ती हसत होती, आणि ते दाबण्यासाठी बारकीच्या मांडीवर नको तितकी वाकली होती.

"बाई! तुम्ही हॅमस्टरना ताटावर बसवलंत?"

"हसायला काय झालं? तुमचं मिटलं होतं ना ताटावर?"

"ताटापुरतं मिटलं बाई. लवकर संपावं म्हणून दोघी बचाबचा खायचो. नंतर वर्षभर मी जिन्यातल्या दिव्याखाली अभ्यास करून तिथेच झोपायचे. सगळ्या मजल्याला ठाऊक होतं."

"माझ्याकडे कुणी ब्रसुद्धा काढला नाही."

"सांगून काय मिळालं असतं? परत ताट." हे तिनं कडवटपणानं म्हटलं नाही. बारकीचा कान साफ करता करता, हवापाणी सांगावं तसं म्हटलं. मग तिचा आवाज दवाखान्याचा झाला. "ऐका आता. ही जात एकटीच राहते. लहान असतात तोवर आईच्या उबेला एकत्र झोपतात, वयात आल्या की प्रत्येकीला आपला मुलूख लागतो. बहीणबिहीण काही नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, तुम्ही चार कोंबल्यात."

"मग मध्ये जाळी लावते. दोन खाली, दोन वर."

"जाळीतून नाक घातलं की नाक जाईल. आणि वास येत राहिला की सारख्या तणावात. चार घरं हवीत बाई. चौघींची चार."

"आणि एकटी पडून झुरली तर?"

"झुरतात त्या एकत्र ठेवल्यावर. ही बघा ना, हाडं लागतात हाताला. हिला कुणी किती दिवस खाऊच दिलेलं नाही." तिनं बारकीला परत खोक्यात ठेवलं. "जखम भरेल. पण आज उद्यात तोंडानं खाल्लं पाहिजे. नाही खाल्लं तर माझ्या हातात काही नाही. आणि तुमचा अंगठा आधी माणसांच्या डॉक्टरला दाखवा."

बाई अंगठ्याला इंजेक्शन घेऊन घरी आल्या आणि कामाला लागल्या. माळ्यावर कपड्यांचे मोठे प्लास्टिकचे डबे होते, लांबरुंद, झाकणाचे. निरोपसमारंभात मिळालेल्या शाली, फुलदाण्या, सन्मानचिन्हं, सगळं त्यांत घडी घालून ठेवलेलं. ते सगळं पलंगावर ओतलं. खालच्या कुलूपकिल्लीवाल्याला बोलावून झाकणांच्या मधला भाग कापून घेतला आणि तिथे बारीक जाळी ठोकून घेतली.

"एवढी बारीक जाळी? डास पाळताय का बाई?" तो म्हणाला.

"बोट जायला नको. तू ठोक."

प्रत्येक डब्यात वीतभर भुसा, बोगदे करता येतील इतका. पांढऱ्या टिशू कागदाच्या पट्ट्या, घरट्यासाठी. लपायला एकेक उलटं खोकं, दाराची जागा कापलेलं. एकेक बाटली, एकेक चाक. सळ्यांची चाकं डॉक्टरणीनं बाद केली होती, पाय अडकतो म्हणून, तेव्हा सलग पाठीची मोठी चाकं आणली. थोरली बाहेरच्या खोलीत, ढमी स्वयंपाकघरात ओट्यापासून लांब, शहाणी बोळकांडीत. बारकीला बाईंनी आपल्या झोपायच्या खोलीत ठेवलं. एकीचा डबा हाताळला की दुसरीकडे जाण्याआधी त्या साबणानं कोपरापर्यंत हात धुवायच्या, वास जाऊ नये म्हणून.

भाचीचा फोन आला. "चार डबे? एकेकटी? अगं मावशी, कसल्या बिचाऱ्या दिसत असतील! संध्याकाळी तरी सोड ना एकत्र थोडा वेळ. मला व्हिडिओ पाठव."

"सोडणार नाही."

"दहा मिनिटं गं!"

"तू नेशील तेव्हा चार घरं घेऊन ये. नसतील तर एकच ने, बाकीच्या इथे राहतील." आणि बाईंनी फोन ठेवला. असं पलीकडच्याचं बोलणं संपायच्या आत फोन ठेवायची सवय भाचीला त्यांच्याकडूनच लागली होती.

तिघींचं सुरळीत लागलं. थोरली चाकात बसायचं सोडून चक्क चाक फिरवायला लागली, नि शहाणी पहिल्यांदा दिवसाउजेडी वर आली. बारकी मात्र उलट्या खोक्याआड बसून राहिली. बिया तशाच. काकडी वाळली, ती काढून नवी ठेवली, तीही तशीच. बाईंनी खुर्ची टाकली, डब्यासमोर बसल्या. दुपार झाली. बारकीचे काळे मणी डोळे जाळीकडे लागलेले होते आणि बाईंचे तिच्याकडे.

शेवटी त्यांनी दवाखान्यात फोन लावला. "खात नाहीये. मी सकाळपासून समोर बसलेय."

"समोर का बसलात?"

"खाते की नाही बघायला!"

"बाई," डॉक्टरीण म्हणाली, "कुणी पाहत असताना तिनं आतापर्यंत मारच खाल्लाय. उठा तिथून. पडदा ओढा, दार लोटा आणि सकाळपर्यंत आत जाऊ नका."

"मग मी झोपू कुठे?"

"बाहेर."

बाईंनी पलंगावरून एक शाल उचलली, पडदा ओढला आणि दार लोटून घेतलं. बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर त्या लवंडल्या. थोरली चाक फिरवत होती, एका लयीत, घरघर. दाराला कान लावायला त्या एकदा उठल्या, अर्ध्या वाटेवर थांबल्या आणि परत येऊन बसल्या.

उजाडल्यावर त्यांनी दार उघडलं. वाटी रिकामी होती. काकडीची नुसती साल उरली होती. बारकी दिसत नव्हती. टिशूच्या पट्ट्या सगळ्याच्या सगळ्या उलट्या खोक्यात ओढून नेलेल्या होत्या आणि त्याचं दार आतून भुसा रेटून बंद केलेलं होतं. बाईंचा हात झाकणाकडे गेला. झाकण न काढताच त्यांनी तो मागे घेतला आणि फोन लावला.

"वाटी रिकामी आहे."

"छान. खाल्लं सगळं?"

"खाल्लं की लपवून ठेवलं, ते माहीत नाही," रेक्टरबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "मी विचारलेलं नाही."