चहाच्या डब्यातला रेडिओ

सेडुना गावच्या डल्सीने आपला रेडिओ चहाच्या डब्यात स्वतःच्या हाताने जोडला होता. ताकद सायकलच्या दिव्याएवढी, पण विकतचे सेट मिरवणाऱ्यांसमोर तिची मान ताठ असायची. रोज सकाळी सातला ती तीनशे किलोमीटरवर मेंढ्यांच्या रानात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या वॉरिकशी मोर्सच्या टकटकीत बोलायची. वॉरिकचं हृदय कमजोर होतं.

आज साडेसात झाले तरी वॉरिक गप्प. त्याच्या घरातला फोनही कोणी उचलेना. डल्सी हाका ठोकतच राहिली.

"अगं, झोपला असेल म्हातारा," नवरा नोएल म्हणाला.

"वीस वर्षांत कधी झोपलाय? अक्कल पाजळू नकोस, अँब्युलन्सला फोन लाव!"

नोएल फोनकडे वळला आणि डल्सीच्या बोटाला डब्यामागे चटका बसला. काल तपासणीसाठी एरियलच्या जागी लावलेला रेझिस्टर तसाच होता. अर्धा तास ती नुसता तोच तापवत होती; ना तिच्या हाका बाहेर गेल्या, ना वॉरिकच्या आत आल्या!

तिने घाईने एरियल खुपसली. लगेच वॉरिकची टकटक आली, मेंढ्यांच्या शेडमधल्या त्याच्या सेटवरून, जिथे घरातला फोन ऐकूच जात नसे: "डल्सी, जिवंत आहेस ना? पोलिसांना कळवू?"

"नोएल, ठेव तो फोन!" ती ओरडली. मग लाज गिळून तिने ठोकलं, "एरियल लावायला विसरले. हसलास तर बघ."